एका मांडवात दोन बहिणी

आमची आत्या म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट. तिच्या निकालावर अपील नाही. चौऱ्याण्णव साली माझं आणि धाकट्या संपदाचं, अशी दोघींची लग्नं ठरली. बाबा म्हणाले, "एकाच खर्चात उरकू." आत्या कडाडली, "एका मांडवात दोन बहिणी? जमायचं नाही!" झालं! माझं लग्न मे महिन्यात लागलं, संपदाचं तुळशीच्या लग्नानंतर. बिचारी रुसून कोपऱ्यात बसली होती.

पुढे पाचेक वर्षांनी बाबांनी पापडी गावातली वडिलोपार्जित वाडी आमच्या भावाच्या, जितेंद्रच्या नावावर करायचं ठरवलं. त्यासाठी आम्ही सगळे वसईत वकिलाकडे गेलो. संपदाने हक्कसोड लिहून द्यायची होती, म्हणजे वाडीतला आपला हिस्सा भावाला सोडायचा.

"आणि माझी सही?" मी विचारलं.

"तुमची साक्षीदार म्हणून," वकील म्हणाले. "चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये आपल्या राज्याने कायदा बदलला. तेव्हा जिचं लग्न झालेलं नव्हतं, त्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क मिळाला. तुमचं मे महिन्यातच झालं ना? मग तुमचा हक्क नाही."

अगं बाई! केळीला पाणी मी लावायचे, पहाटे चाफा मी खुडायचे. ही संपदा डास चावतात म्हणून वाडीत पाऊल टाकत नसे. आणि हक्क तिला, तोही आत्याच्या कृपेने! खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच आला. भावाला मी हसत हसत सगळं सोडलं असतं. पण सोडायला तरी हातात काही हवं ना!

संपदाने पेन उचललं.

"वाचलंस का गं?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले, सही कर."

"मला सोडायलाही काही मिळालं नाही. तुला मिळालंय, तर असं डोळे मिटून सोडू नकोस."

बाबा भडकले. "प्रेमा, तुझा काय संबंध?"

"काहीच नाही. कायदाच म्हणतो तसं. मग माझी सही तरी कशाला हवी?"

जितेंद्र मान खाली घालून बसला होता. संपदाने कागद शेवटपर्यंत वाचला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "बाबा, मी सही नाही करणार."

परतताना रिक्षा वाडीजवळ घरापाशी थांबली. बाबा उतरून तडक घरात गेले. संपदाने वाडीचं फाटक उघडून धरलं.

"ताई, ये ना आत."

माहेरी आजवर मला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. मला रडू फुटलं, आणि तशीच मी आत गेले.