कपाटातली तबकडी

अकोल्याकडच्या मालेगावात आमचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, भोंगा आमचाच. मशीन मी लावायचो, गाण्यांच्या तबकड्या माझी बायको भागिरथा सांभाळायची. ती गेली, त्याला वर्ष होत आलं.

आमच्याकडे अमेरिकेतल्या एका काळ्या बाईच्या एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आहेत. त्या तऱ्हेच्या गाण्यांना रिदम अँड ब्लूज म्हणतात. शब्द कुणालाच कळत नसत, पण मेडशीच्या लग्नात ते वाजलं की नवरदेवाचा बापही मान हलवायचा. एक तबकडी अकोल्याहून घेतलेल्या जुन्या मशीनसोबत आली. दुसरी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रऊफनं हैदराबादहून आणून भागिरथेला भेट दिली. दोन्हींवरचा कागद सारखाच. पण असली एकच, दुसरी चोरून छापलेली. कोणती असली, यावरून दोघांचं कायम भांडण.

"वहिनी, माहीच असली. म्हनून तं तुमी लग्नात वाजवता."

"रऊफभाऊ, असली कोनी धूळमातीत नेते का? तुमची मजुरीले हाय. माही कपाटात."

"हारलो तं बाजाराच्या दिवशी भोंग्यावर कबूल करीन!"

ती ऐकवायला बसली की मात्र तो चहा अर्धा टाकून पळायचा.

यंदा सण करायचा नव्हता. पण दसऱ्याची मशीनची पूजा भागिरथेनं कधी चुकवली नव्हती, म्हणून मशीन पुसलं, तबकड्या मांडल्या. दरवर्षीसारखा रऊफ आला. मी त्याला आपट्याची पानं दिली. त्याचं लक्ष तबकड्यांकडे. त्याच्या तबकडीवर दर दसऱ्याचं कुंकू बसलेलं, कपाटातली कोरी.

"पाह्य जानराव. वहिनीनं टिळा कोनाले लावला? मनातून मानलं होतं तिनं."

मला ते लागलं. टिळा ती कामाच्या वस्तूला लावायची, पण हे सांगायला ती नव्हती.

"बस," म्हटलं. "आज ऐकूनच जा. गान्याकडं नको, खरखरीकडं कान दे."

हे तिनंच मला शिकवलं होतं. आधी त्याची तबकडी लावली. गाणं संपलं आणि अर्धी खरखर एकदम तुटली. उरली ती नुसती लग्नातल्या धुळीची, सुई उचलेपर्यंत.

"तुटली ते खरखर कोनाची?"

ज्या जुन्या तबकडीवरून गाणं उतरवलं होतं, तिची खरखरही गाण्यासोबत छापली गेली होती आणि गाण्यासोबतच संपली.

मग कपाटातली लावली. गाणं संपलं, पण तिची बारीक खरखर शेवटपर्यंत तशीच राहिली, कुठंही न तुटता.

रऊफनं दोन्ही पुन्हा ऐकल्या. "मी रेडिओवाला मानूस, अन् मले हे ऐकू नाही आलं?"

"तुले ऐकाचंच नव्हतं."

"वहिनी असती तं आज केवढी हासली असती," म्हणाला, आणि टोपी काढून डोळे पुसले.

बाजाराच्या दिवशी त्यानं आपल्या दुकानावर भोंगा बांधला. "ऐका हो! भागिरथावहिनीची तबकडी असली हाय, माही नकली. मी हारलो!" मग कपाटातली तबकडी सगळ्या बाजारावर वाजली.

माझ्या शेजारी शिरपूरचा एक लसूणवाला बसला होता. त्यानं विचारलं, "हे भागिरथा कोन हो?"

"माही बायको," मी म्हटलं. भोंग्याच्या वर जाईल इतक्या मोठ्यानं.