ओल्या वाकळा

सांगलीचा उन्हाळा ज्याला माहीत नाही त्यानं एप्रिलच्या शेवटी आमच्या फ्लॅटमध्ये येऊन एक दुपार काढावी, म्हणजे मी सारखी का चिडते ते कळेल. ऊन काय, सगळीकडंच असतं. पण इथं एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला पाणी पाजलेला ऊस, आणि वर वळवाचं मळभ येऊन नुसतं बसतं, पडत काहीच नाही. घाम वाळायचं नाव घेत नाही. आंघोळ करून बाहेर यावं, तर टॉवेल दोरीवर टाकायच्या आत पाठ पुन्हा ओली. मी मिरजेत एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिथं निदान एसी आहे. घरी पंखा, आणि तोही वरची गरम हवा खाली ढकलतो एवढंच.

अशा दिवसांत मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मिरजेच्या हॉस्पिटलातून आमच्याकडं आणलं. नाथाजी त्यांचं नाव. जन्म म्हसवडचा, उमेदीची सगळी वर्षं फौजेत, आणि पेन्शन सुरू झाल्यावर परत म्हसवड. छातीत दुखायला लागलं म्हणून बायपास करावी लागली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पुन्हा तपासणी होईपर्यंत गावी न्यायचं नाही, इथं जवळच ठेवायचं. मामांचं आपलं एकच, म्हसवडला कवा जायचं. रोज सकाळी चहाची बशी खाली ठेवली की विचारायचे. मीही रोज सांगायची, डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी गाडी करू. आमचे हे, धैर्यशील, तेही फौजेत, तिकडं अरुणाचलात. त्यांना रजा मिळाली ती ऑपरेशनपुरती. पोरगी सुट्टीला रहिमतपूरला माझ्या आईकडं. म्हणजे घरात आम्ही तिघंच, मामा, आत्या आणि मी.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनुबाई. बाई कष्टाची, मायेचीही, पण एकदा डोक्यात घेतलं की देव आला तरी ऐकायची नाही. मीही काही कमी नाही म्हणा. आमच्या दोघींचं सुरू झालं की वरच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसतात. नवीन लग्न झालं तेव्हापासून असंच आहे, आणि कुणाचं कुणावाचून अडतही नाही.

आता म्हसवडचं ऊन कसं, तर कोरडं ठक्क. नाकातलं पाणीसुद्धा आटतं. तिकडं ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या जराशी फट ठेवून ओढून घेतात, वाकळा, म्हणजे आपल्या गोधड्या हो, पाण्यात बुचकळून चौकटीला टांगतात आणि जमिनीवर पाणी शिंपडतात. बाहेरच्या झळा त्या ओल्या वाकळेतून आत येईतो गार होतात. मी स्वतः मे महिन्यात त्या वाकळांच्या आड झोपलेय. खोटं कशाला बोलू, पोटभर झोप लागते. आत्यांचा हात त्यात असा बसलेला, की गल्लीत कुणाची बाळंतीण असो की कुणाचं म्हातारं आजारी असो, उन्हाळ्यात खोली कशी ठेवायची ते मनुबाईला विचारून या म्हणायचे.

त्याच मनुबाई येताना गाठोडं बांधून वाकळा घेऊन आल्या. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून घरी येते तर काय, खिडक्यांच्या सरकत्या काचा सगळ्या लावलेल्या, त्यांच्यावर आतून निथळत्या वाकळा, फरशीवर पाणी. दार उघडलं आणि इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. भिंतीला पाणी सुटलेलं. उशीच्या अभ्र्याला कुबट वास. मामा कॉटवर बसून बनियनच्या टोकानं गळा पुसत होते.

मी आधी नीट सांगितलं. मग जरा वरच्या पट्टीत सांगितलं. आत्या, हे म्हसवड नाही, इथली हवा आधीच ओली, त्यात तुम्ही आणखी पाणी घालताय, घाम वाळणार कसा माणसाचा? त्यांनी मला ऐकवलं की त्यांनी माझ्यापेक्षा जास्त उन्हाळे बघितलेत, आणि चष्म्याच्या दुकानात बसून कुणाला ऊन कळत नाही. मी वाकळा काढून बाथरूममध्ये टाकायची, खिडक्या उघडायची आणि कामाला जायची. खाली गाडी काढेपर्यंत वर काच सरकल्याचा आवाज यायचा. मी तिथूनच मान वर करून ओरडायची. वॉचमन तोंड फिरवून हसायचा.

एका रविवारी आत्या आंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा मी मामांजवळ खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मामा, तुम्ही सांगा त्यांना, तुमचा शब्द मोडायच्या नाहीत. हे असं कोंडून घेणं तुम्हाला बरं नाही. मामांनी आधी बाथरूमच्या दाराकडं बघितलं. आत पाण्याचा आवाज चालू होता.

"करू दे तिला, पोरी," ते म्हणाले. "हितं सैपाक तुजा, बाजार तुजा, माज्या गोळ्या-औषधं तुज्याकडं. तिला दुसरं काय काम हाय?"

मी विचारलं, पण तुम्हाला बरं वाटतं का त्यात? त्यावर ते हसले आणि फौजेत याच्यापेक्षा लय सोसलंय म्हणाले, राजस्थानात असताना बंदुकीला हात लावला की कातडं सुटायचं. आणि लगेच पुन्हा म्हसवडला कवा जायचं ते विचारलं. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं. बायकोला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस उकडून निघत होता, आणि मी ते जाऊन आत्यांना सांगूही शकत नव्हते. मी उठून एक खिडकी अर्धी उघडली. आत्यांनी आंघोळीवरून आल्या आल्या ती लावली.

तपासणीची तारीख जवळ आली तसे मामा खूश दिसायला लागले. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आणि नेमका त्या आठवड्यात उकाडा असा वाढला, की झाडाचं पान हलेना. सकाळी सकाळीच आमची जुंपली. मी आत्यांच्या हातातली वाकळ ओढली, त्यांनी ती सोडली नाही. मी तोंडाला येईल ते बोलले, तुमची अक्कल म्हसवडलाच ठेवून यायची होती असंही बोलले. त्याही मग थांबल्या नाहीत. माझ्या आईनं मला काय वळण लावलं इथपर्यंत गोष्ट गेली. मामा मधे पडले, मला हातानंच खूण केली की तू जा. मी डबा न घेताच निघून गेले.

दुपारी आमच्या भागातली लाईट गेल्याचं दुकानात कळलं. मी घरी फोन लावला. आत्या म्हणाल्या, तू नगं काळजी करू, म्या डबल वाकळा लावल्यात, मी पुठ्ठ्यानं वारा घालतीया, ते निवांत पडल्यात. निवांत पडलेत म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, पण डबल वाकळा ऐकून राहवेना. मालकांना सांगून मी लवकर निघाले.

घरात शिरले तर आत्या कॉटच्या कडेला बसून पुठ्ठा हलवत होत्या. त्यांचं लुगडं अंगाला चिकटलेलं, पुठ्ठा ह्या हातातून त्या हातात घेत होत्या, पण थांबत नव्हत्या. मामा झोपलेले नव्हते. डोळे अर्धे उघडे होते आणि कुठल्यातरी सुभेदाराला ते काहीतरी समजावून सांगत होते. मी कपाळाला हात लावला तर चटका बसावा एवढं तापलेलं, आणि घाम अजिबात नाही. मी सगळ्या वाकळा फाडल्यासारख्या ओढून काढल्या. वॉचमन आणि वरच्या चारुलताकाकूंचे मिस्टर, दोघांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. मिरजेला पोहोचेपर्यंत मामा मला ओळखत नव्हते, आणि दिवस मावळायच्या आत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन खोली कशी होती ते विचारलं. मी खरं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हृदय कमजोर होतंच, पण खोली उघडी असती तर ही वेळ आली नसती. दमट हवेत बंद खोलीत ओलं टांगलं की घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते, एवढ्या नाजूक माणसाला ते सोसत नाही. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. पुढच्या वेळी लक्षात ठेवा म्हणाल्या, आणि पुढची वेळ कुठली हे लक्षात येऊन त्याच ओशाळल्या.

आत्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि डागदर काय म्हणला विचारलं. माझ्या तोंडात सगळं येऊन थांबलं होतं. ज्या बाईशी मी कधी शब्द गिळून बोलले नव्हते, तिला मी म्हटलं, हृदयच थकलं होतं आत्या, कुणाच्या हातात नव्हतं. आमच्या ह्यांनाही फोनवर तेच सांगितलं. ते आले, सगळं करून परत गेले, तरी तेच.

मामा म्हसवडला गेले ते असे. तिथं रोज बायका भेटायला यायच्या. आत्या भिंतीला टेकून बसायच्या आणि येईल तिला सांगायच्या, सून नगं नगं म्हणायची, पर म्या ऐकलं न्हाई, शेवटपत्तुर त्येस्नी गारव्यात ठिवलं. बायका माझ्याकडं बघायच्या. त्या नजरेत काय असायचं ते मला कळत नव्हतं असं नाही. मी चहाचे कप गोळा करत म्हणायची, होय, आत्यांनी लय केलं त्यांचं. एवढ्या एकाच आधारावर आत्या उभ्या होत्या आणि तो मला काढून घ्यायचा नव्हता.

तेराव्यानंतर त्यांना तिकडं एकटं कसं ठेवायचं म्हणून सांगलीला घेऊन आले. पाऊस अजून नव्हताच. उकाडा तसाच. आता मात्र घरात कुणी वाकळ टांगायचं नाव काढत नव्हतं आणि आमचं भांडणही होत नव्हतं. वरच्यांना चुकल्यासारखं वाटत असणार. मी भाजीत मीठ जास्त घातलं तरी आत्या काही बोलायच्या नाहीत.

एका संध्याकाळी चारुलताकाकू आत्यांजवळ बसायला आल्या. त्यांचे सासरे, चिंतामणराव, नव्वदीला टेकलेले, तेही नुकतेच हॉस्पिटलातून घरी आले होते. काकू सांगत होत्या, काय करावं कळत नाही, उकाड्यानं नुसते तळमळतात. आणि आत्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा तरतरी आली. त्यांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं. ऊन चढायच्या आत खिडक्या लावायच्या, वाकळ चांगली निथळेपर्यंत भिजवायची, फरशी कोरडी पडू द्यायची नाही. काकू मान हलवत होत्या, उद्यापासूनच करते म्हणाल्या. मी ओट्यापाशी उभी होते. मी गॅस बंद केला.

काकू निघाल्या तशी मी त्यांच्यामागं जिन्यात गेले. दार मागं ओढून घेतलं होतं. मी हळूच बोलले, पण शब्दन् शब्द नीट बोलले. "काकू, ते काही करू नका. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा, अंग पुसून घ्या. डॉक्टरांनी मला सांगितलंय, बंद खोलीत ओल्या वाकळा होत्या म्हणूनच मामा गेले."

काकू माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मी वळले. दारात आत्या उभ्या होत्या. काकूंना द्यायला त्यांनी घडी केलेली एक वाकळ छातीशी धरली होती.

"असं म्हणला डागदर?" त्यांनी विचारलं.

काहीतरी थाप मारायला मी तोंड उघडलं. एकही सापडली नाही. होय म्हटलं.

आत्यांनी वाकळ काखेत घेतली. मग काकूंना म्हणाल्या, "हिचं ऐका बाई. हिला कळतंय." आणि आत गेल्या.

मी आत गेले तेव्हा त्या मामांच्या कॉटवर बसल्या होत्या, वाकळ मांडीवर. मला वाटलं आता ओरडतील, मला, माझ्या आईला, सगळ्यांना शिव्या घालतील. खरं सांगते, मला ते हवं होतं. मी समोर जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, त्येस्नी एवढा तरास व्हायचा तर त्येंनी तरी मला का न्हाई सांगितलं. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते मी दिलं नाही, आणि कधी देणारही नाही. त्यांना गार वाटत होतं आत्या, असं म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

बराच वेळ त्या वाकळेच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू सांगत हुतीस. रोज सांगत हुतीस. मला वाटायचं, तू भांडतीस."