उस्तादची अर्धी मिशी

मास्कची सक्ती उठली त्या सकाळी उस्तादने आपल्या केस कापायच्या दुकानाचं शटर वर केलं, दोन्ही खुर्च्या पुसल्या, कात्र्या आणि कंगवे धुऊन फडक्यावर मांडले आणि रोजच्यासारखा मास्क नाकावर चापून बसवला. रस्त्यावर माणसं उघड्या तोंडाने चालली होती. कितीतरी महिन्यांनी लोकांना एकमेकांच्या हनुवट्या दिसत होत्या आणि ओळखीची माणसंही थोडी अनोळखी वाटत होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रंगारी. घरं रंगवणारा, उंच, मोठ्या आवाजाचा. खुर्चीत बसला की त्याचे गुडघे आरशाखालच्या फळीला टेकायचे. त्याने आरशातूनच उस्तादकडे पाहिलं.

“काय रे उस्ताद, सरकारने सोडलं तरी तू सोडत नाहीस? वहिनींनी शिवून बसवलाय की काय?”

बाकावर पाळीची वाट बघणारा पोस्टमन हसला.

खरं उत्तर सोपं होतं. साथ सुरू होण्याच्या थोडं आधी उस्तादच्या बायकोची किडनी बदलली होती. तिच्या थोरल्या बहिणीने स्वतःची एक दिली होती. आता आपलं शरीर मोठं हट्टी असतं. परकं काही आत आलं की ते हाकलायला धावतं, मग ते बहिणीने दिलेलं का असेना. म्हणून तिला जन्मभर गोळ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी उस्तादच्या मुलीला, खारूला, हे छान समजावलं होतं. “तुझ्या आईच्या अंगात पहारेकरी आहेत. ते नव्या पाहुणीला मारतील म्हणून आपण त्यांना गोळ्या देऊन डुलक्या काढायला लावतो. पण डुलकी घेणारा पहारेकरी चोरालाही अडवत नाही. म्हणून दार आपण सांभाळायचं.” लस टोचली तरी ती तिला पुरती लागू पडेलच असं नाही, हेही त्यांनी उस्तादला सांगितलं होतं. आणि दुकानात फक्त तुम्ही नव्हे, समोरच्यानेही तोंड झाकलं तर जास्त बरं, हेसुद्धा.

हे एवढं सांगायला चार वाक्यं पुरली असती. पण मागे एकदा एका गिऱ्हाइकाला त्याने ती सांगितली होती. त्या माणसाने “च्च च्च” केलं, “लहान वयात हो,” म्हणाला, आणि मान पुढे करायच्या ऐवजी जरा आखडूनच बसला. पुढच्या महिन्यात तो कोपऱ्यावरच्या दुकानातून केस कापून बाहेर पडताना दिसला. त्या “च्च च्च”चा आवाज उस्तादच्या कानात राहून गेला होता.

“मिशी गेली रे,” तो रंगाऱ्याला म्हणून गेला. “कोरताना हात सटकला. डावी बाजू साफ. दुसऱ्यांच्या मिश्या कोरणाऱ्याने स्वतःचीच उडवली, हे तोंड कुणाला दाखवू?”

रंगारी इतका हसला की उस्तादला कात्री मागे घ्यावी लागली. पोस्टमनने गुडघ्यावर थाप मारली. दुकानात असं हसू पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. उस्तादही मास्कच्या आत हसला. कुणी च्च च्च केलं नाही. त्याला हलकं वाटलं.

पोस्टमनच्या पिशवीत पत्रं कमी आणि बातम्या जास्त. चार दिवसांत अख्ख्या रस्त्याला मिशी माहीत झाली. माणसं केस वाढलेले नसतानाही डोकावू लागली.

“किती आली?”

“अंकुर दिसतोय.”

“शेणखत घाल.”

“अरे, पण काल तू उजवी म्हणालास,” पोस्टमनने एकदा पकडलं.

“आरशात उजवी,” उस्ताद म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले.

मास्क त्याच्या तोंडावर टिकला, हे खरं. पण दुकानात दुसरा एकही मास्क राहिला नाही. कशाला राहील? मिशी काय, याची गेली होती, त्यांची नव्हे. माणसं त्याच्या हाताखाली मान देऊन मोकळ्या तोंडाने बोलत, खोकत, शिंकत. उस्ताद खिडकी उघडायचा, पंखा वाढवायचा, दर गिऱ्हाइकामागे हात धुवायचा. संध्याकाळी घरी मागच्या दाराने शिरायचा, कपडे बादलीत टाकायचा, अंघोळ करायचा आणि मगच मास्क काढून बायकोसमोर जायचा. आपण सगळं करतोय, असं तो स्वतःला बजावायचा. गिऱ्हाइकांना खरं सांगणं एवढंच राहिलं होतं, त्या गोष्टीकडे मन वळलं की तो कात्रीला धार लावायला घ्यायचा.

पण खोटं बोलायचं तर निदान टिकाऊ बोलावं. मिशी ही वाढणारी वस्तू आहे.

“महिना होत आला,” रंगारी एका दुपारी म्हणाला. त्याला दोन दिवस खोकला होता. भिंती घासताना धूळ जाते, असं तो सांगत होता. “एवढ्यात माझ्या म्हाताऱ्या मांजरालासुद्धा मिशी आली असती. उद्या सकाळी येतो. तू नाही दाखवलीस तर मी स्वतः ओढून बघणार. पोस्टमन, साक्षीला ये.”

“रजा काढून येतो,” पोस्टमन म्हणाला.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर उस्ताद आरशासमोर एकटाच उभा राहिला. त्याने मास्क खाली केला. मिशी जागच्या जागी होती, दाट आणि दोन्हीकडे सारखी. उद्या ती दिसली की विचारतील, मग मास्क कशाला रे? त्याने साबणाचा फेस केला, नवं पातं लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाईट काम मुद्दाम, सफाईने केलं. डावी बाजू गेली. आरशातली उजवी.

आणि मग तो घरी गेला. वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण गिऱ्हाइकांचा विचार केला, घरचा केलाच नाही.

अंघोळ झाली. त्याने धुतलेला मास्क घेतला, तोंडावर चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

बायकोने मागे वळून पाहिलं. तिच्या हातातला डाव खाली पडला.

“ताप आहे?”

“नाही गं.”

“मग घरात मास्क का?” ती भिंतीकडे सरकली. “खारू! आतल्या खोलीत जा. दार लाव. अहो, तिथेच थांबा. पुढे येऊ नका. घसा दुखतोय का? वास येतोय का? हे बघा, काय असेल ते खरं सांगा.”

तिने पदर नाकावर दाबला होता आणि दुसऱ्या हाताने खिडक्यांचे खटके काढत होती. एक खटका निघेना, तर त्याला हिसके देत होती. या घरात अंघोळीनंतर मास्क म्हणजे एकच अर्थ होता. तो नियम तिने नव्हे, त्यानेच घालून दिला होता.

“मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. पण ती ऐकेना. शेवटी त्याने दारातूनच मास्क खाली केला.

मग आतल्या दाराच्या फटीतून खारू किंचाळली, “बाबांची मिशी कुणी खाल्ली?” आणि हसत सुटली. बायकोही हसली. ओट्याला धरून, डोळे पुसत, सुटका झाल्यासारखी हसली.

“काय हो हे ध्यान! घाबरवून मारलंत. हात सटकला?”

“हो,” म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तो शब्द जिभेवर आलासुद्धा होता. पण खटक्याशी झगडणारे ते हात त्याने नुकतेच पाहिले होते. तो उंबऱ्यावर बसला आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगत गेला. मिशी, आरशातली उजवी, शेणखत. विनोद सांगतानाही तो मान वर करत नव्हता.

ती ऐकत राहिली. हसू कधी गेलं ते त्याला कळलंही नाही.

“म्हणजे माझ्यापेक्षा अर्धी मिशी बरी,” ती म्हणाली.

“तसं नाही गं. लोक कीव करतात. तुझ्याबद्दल च्च च्च करतात, ते मला...”

“तुम्हाला. मला नव्हे. मला कुणी विचारलंय?” तिने खिडकी सताड उघडली. “आणि ती माणसं? ती घालतात का मास्क?”

तो उंबऱ्याची कड नखाने खरवडू लागला.

“एकही नाही?”

“त्यांना कुठे माहीत आहे, का घालायचा ते.”

“खारू वर्गात उभी राहून सांगते. माझ्या आईचे पहारेकरी झोपलेत म्हणून मी मास्क घालते, असं. बाईंनी तिला खिडकीजवळची जागा दिली. शेजारची मुलगी आपणहून मास्क घालून येते. आठ वर्षांची पोर आहे हो ती.” मग तिने विचारलं, “कुणी खोकत होतं?”

“रंगारी. दोन दिवस.”

तिने पडलेला डाव उचलला, धुतला. “मास्क वर घ्या. आजपासून बाहेरच्या खोलीत झोपा. ताट दाराशी ठेवीन. रंगाऱ्याचं काय ते कळेपर्यंत.” आणि त्याचा हात नकळत मिशीकडे गेला तेव्हा म्हणाली, “दुसरी बाजू काढायची नाही. तशीच राहू दे.”

बाहेरच्या खोलीत उस्तादने भिंतीकडे तोंड करून जेवण केलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरीही.

सकाळी रंगारी आणि पोस्टमन शटर उघडायच्या आधीच हजर होते. रंगाऱ्याने बाह्या सरसावल्या होत्या. उस्ताद रस्त्यावरच थांबला, दोघांपासून लांब, आणि त्याने स्वतःच मास्क खाली केला.

जे हसू फुटलं त्याने समोरच्या किराणावाल्यानेही मान बाहेर काढली. रंगारी हसता हसता खोकायला लागला. उस्तादने मास्क वर घेतला.

“काल संध्याकाळी काढली,” तो म्हणाला. “त्याआधी मिशीला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो.”

मग त्याने ती चार वाक्यं सांगितली. बायको, किडनी, गोळ्या, तोंडं झाकायची गरज. इतके दिवस अडलेली चार वाक्यं उपड्या घागरीतल्या पाण्यासारखी पटकन बाहेर आली.

पोस्टमनने खिशातला रुमाल काढून नाकावर बांधला. किराणावाला आत गेला. रंगाऱ्याचा चेहरा मात्र उतरला नाही, तापला.

“आणि मी महिनाभर येऊन तुझ्या तोंडाशी तोंड लावून बोलतोय! माझ्या घरी दोन माणसं गेली रे या रोगात. मी काय हसलो असतो वहिनींना? एवढं हलकं समजलास मला?”

च्च च्च करणाऱ्या एका माणसावरून उस्तादने अख्ख्या रस्त्याची पारख केली होती.

“तपासून घेतो आणि कळवतो,” रंगारी तुटकपणे म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनने निरोप आणला. रंगाऱ्याला तो रोग नव्हता, धूळच होती. उस्तादला सुटल्यासारखं वाटलं, पण लाज सुटली नाही. आपण वाचलो ते आपल्या शहाणपणाने नव्हे, हे त्याला कळत होतं.

त्याने एक खुर्ची ओढून बाहेर पदपथावर आणली. ज्याला मास्क नको त्याने उघड्यावर बसावं, आरसा मिळणार नाही. काही जण बसले. काही कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. रंगारी आठवडाभर फिरकला नाही. मग एका सकाळी कानांवर केस आलेला रंगारी त्या खुर्चीत येऊन बसला, मास्क लावून, तोंडातून अक्षर न काढता. उस्तादने त्याच्या अंगावर कापड टाकलं. बाकावर पोस्टमन होता. नुसती कात्री वाजत होती.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून उस्तादची बायको आली. ऑपरेशननंतर ती दुकानाकडे आलीच नव्हती. तिने मास्क घातला होता आणि थोडं अंतर ठेवूनच ती थांबली. पोस्टमन उठून उभा राहिला.

“बसा, बसा,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे रोज ज्या मिशीची चौकशी करत होतात ना, ती मीच. बरी आहे आता.”

रंगाऱ्याचे खांदे कापडाखाली हलले. आधी एकदा, मग गदागदा. तीही हसत होती, डोळ्यांनी. उस्तादने मात्र मान वर केली नाही. रंगाऱ्याच्या कानामागचे केस तो फार सावकाश कापत राहिला, जणू तेवढंच काम जगात उरलं होतं.