तीन संस्थांची एक खुर्ची

मी एक जुनी व्हीलचेअर आहे, मित्रांनो; पण जुनी म्हणजे झिजलेली समजू नका. माझ्या सीटवरचं प्लास्टिक कित्येक वर्षं कुणी काढलंच नव्हतं. माझी हयात फोटो काढून घेण्यात गेली, आणि ज्यांनी ते काढले त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही.

कारखान्यात मला जोडणाऱ्या फिटरकाकांनी माझा ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "जा बाई, कुणाच्या तरी उपयोगी पड." बिचारे! मी कुणाच्या हाती पडणार हे त्यांना काय ठाऊक.

मला तीन समाजसेवी संस्थांनी मिळून घेतलं. सहकार्य म्हणे! माझ्या पाठीवर कुणाचं बोधचिन्ह वर लावायचं यावरूनच त्यांची जुंपली. शेवटी तिन्ही एका ओळीत, इतकी बारीक लावली की एकही ओळखू येईना. मग मी परिषदांना जाऊ लागले. मंचावर फुलदाणीशेजारी माझी जागा. एका संस्थेच्या अध्यक्षबाई माझ्या दांडीवर हात ठेवून हसायच्या, फोटो निघायचा, लगेच समाजमाध्यमांवर चढायचा, आणि बाकीच्या दोन संस्था त्याखाली टाळ्या वाजवणारे हात पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या टाळ्यांची परतफेड व्हायची. याला ते नेटवर्किंग म्हणत.

त्यांनी एक अ‍ॅपही केलं. गरजूने त्यावर मागणी नोंदवायची, तिन्ही संस्थांनी आपापल्या फोनवरून होकाराचं बटण दाबायचं, की मी निघाले. एकजूट दिसावी म्हणून तिघांचा होकार हवाच. त्यातल्या एका संस्थेचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या बाईंकडे राहिला. आणि नवा पासवर्ड घ्यायलाही अ‍ॅपवर तिघांचाच होकार लागत होता! अक्कल गहाण ठेवून केलेलं काम, दुसरं काय.

एका परिषदेत इस्त्रीवाल्या ताई आल्या. त्यांची आई पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. माझा फोटो त्यांनी फोनवर पाहिला होता.

"मॅडम, ही खुर्ची मिळेल का? डॉक्टर म्हणतात, आईला आता रोज उठवून बसवा, फिरवा, नाहीतर पाय कायमचे जातील."

अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. ते त्यांना केव्हाही जमायचं. "अगदी मिळेल हो! आधी आपण एक फोटो घेऊ या. आणि अ‍ॅपवर मागणी टाका."

"टाकलीय मॅडम. तिथं 'उपलब्ध' दिसतंय."

"मग झालं की!"

ताई रिकाम्या हाताने परतल्या. त्यांच्या फोटोला मात्र भरभरून बदाम मिळाले. मला इतकी चीड आली की ब्रेक लावलेला नसता, तर मी मंचावरून स्वतःच उडी घेतली असती.

काही महिन्यांनी याच तीन संस्थांना उत्तम सहकार्याचा पुरस्कार मिळाला. त्या समारंभात भाषण चालू असतानाच ताई सरळ मंचावर आल्या. माझा ब्रेक काढला, उतारावरून मला खाली घेतलं आणि दाराकडे ढकलत निघाल्या. सभागृहाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग! लोक उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळे फोन वर झाले. अध्यक्षबाईंना काय करावं सुचेना. मग त्याही टाळ्या वाजवू लागल्या. दरवानाने तर अदबीने दार उघडून धरलं.

घरी ताईंनी आधी ते प्लास्टिक टराटरा फाडलं. मग आईला उचललं.

"सावकाश गं, पडेन मी!"

"नाही पडत. धर घट्ट."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणाचं तरी वजन आलं. मला रडू आलं असतं, पण खुर्चीला ती सोय नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. पाय दाबून पाहत म्हणाले, "बसतील आता रोज. पण चालणं नाही व्हायचं. तेव्हाच सुरू केलं असतं तर उभ्या राहिल्या असत्या." तेव्हा मी संस्थेच्या गोदामात चादरीखाली होते, मित्रांनो. मला धूळ लागू नये म्हणून.

आता माझं चाक कुरकुरतं, सीटवर चहाचे डाग आहेत. मला जपा असं मी सांगणार नाही. जपणाऱ्यांनीच वाटोळं केलं. एखादी वस्तू कुणाच्या कामाची असेल, तर ती उचला आणि त्याच्या दारात नेऊन ठेवा. फोटो नाही काढला तरी चालेल.

त्या अ‍ॅपवर मी अजूनही 'उपलब्ध' आहे. आजी रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी माझ्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहतात.