काळ्या ढगाला कुंकू

आकाशात ढग अकरा. त्यांतले दहा पांढरे, गुबगुबीत, निरुपद्रवी. अकरावा काळा, आणि तो आमच्याकडेच येत होता. खळ्यावर झोडलेल्या भाताची रास एक, झोडायचे भारे बत्तीस, माणसं चार. माझ्या बॉक्स कॅमेऱ्यात शिल्लक फोटो एक.

तो मी दिवाळीपासून राखून ठेवला होता. थंडीत तोरण्याच्या माथ्यावर कधीकधी उपड्या ताटलीसारखा ढग बसतो, तो मला हवा होता. भोरच्या स्टुडिओवाल्याकडचे रोल संपले होते. वेल्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा पगार मिळतो, ढगांचे फोटो काढायचा नाही, हे हेडमास्तरांनी मला दोनदा सांगितलं होतं.

"मास्तर, काढा फोटू," खळ्याचे मालक साहेबराव म्हणाले. "त्या काळ्याचा."

"श्रावणात तर तुम्हीच बंदी घातली होती!"

घातली होती. पावसानं ओढ दिली तेव्हा मी तीन ढगांचे फोटो काढले आणि तिन्ही न बरसता पुढं गेले. माझ्या कॅमेऱ्यानं ढग पळतात असा शोध साहेबरावांनी लावला आणि दसऱ्यापर्यंत तो पेटीत ठेवायला लावला. तीन निरीक्षणांवर सिद्धान्त! माझ्या वर्गात असते तर नापास केलं असतं.

"तवा पाऊस पायजे हुता," साहेबराव म्हणाले. "आता नगं."

"अहो, ढग तीन मैलांवर आहे. काचेतून त्याला काय होणार?"

"मंग काढायला काय जातंय?"

"माझा शेवटचा फोटो जातो."

"आन् आमचं वर्साचं भात जातंय," त्यांच्या आई साळूबाई म्हणाल्या. "उद्यापासनं तुमच्या ताटात ढगच वाढू काय?"

मी त्यांच्याकडेच जेवत होतो. कॅमेरा बाहेर काढला.

साहेबरावांचा धाकटा भाऊ ज्ञानू राशीवर पेंढा टाकत होता. कॅमेरा दिसताच तो हात झटकून बांधावर बसला.

"ज्ञानू, रास झाक!" मी ओरडलो.

"आता कशापायी? फोटू काढताय न्हवं?"

तेवढ्यात साळूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. या घरात नवा नांगर असो की रॉकेलचा स्टोव्ह, कुंकू लावल्याशिवाय त्याला कामाला जुंपत नाहीत. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध, म्हणजे भिंगावर, बोट टेकवलं.

"आजी, आता काही दिसायचं नाही!"

"तुमाला नसंल दिसत. ढगाला तर दिसंल?"

पुसायला वेळ नव्हता. वारा सुटला होता, उघड्या राशीवरचा पेंढा उडत होता आणि ढग शाळेवर पोचला होता. मी कुंकवासकट कॅमेरा त्याच्यावर रोखला आणि बटण दाबलं.

माझे पर्जन्यमापक दोन. एक शाळेच्या अंगणात, दुसरा खळ्याच्या कडेला. या दुसऱ्यात साळूबाईंनी एकदा मिरच्या ठेवल्या होत्या, ते माप मी धरत नाही. दोन्हींत अंतर अर्धा मैल, मध्ये ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दोन्ही वाचले.

शाळा : बावीस मिलिमीटर. खळं : शून्य.