पाण्याचा दिवस आणि चौथा नंबर

मी एक जुना निळा ड्रम आहे. मी सांगणार आहे ती हकीकत दोन हजार तेवीस सालची, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली. तेव्हा माझा तळ शाबूत होता आणि झाकण घट्ट बसत होतं. आता दोन्ही नाही. पण मित्रांनो, प्लास्टिक लवकर कुजत नाही, तसं ते लवकर विसरतही नाही.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात उतरली, तिच्यात हवा फुंकली गेली आणि क्षणात मला पोट आलं. तिथून मी एका औषध कंपनीत गेलो. माझ्यात पांढरी भुकटी भरली जायची, तापाच्या गोळ्यांसाठी लागणारी. तिथली माणसं डोक्याला टोपी आणि हाताला मोजे घालून मला हात लावत. एवढा मान मला पुन्हा कुठं मिळाला नाही. पुढे भुकटी संपली, मी रिकामा झालो, आणि रिकाम्या ड्रमाला कंपनीत कोणी ओळख देत नाही. भंगाराच्या टेम्पोतून मी शहागंजच्या बाजारात येऊन रांगेत उभा राहिलो.

तिथं मला कडूबानं पाहिलं. तो गंगापूरकडचा मेंढपाळ माणूस. नातीच्या शाळेसाठी तो आणि त्याची बायको बानाबाई शहरात खोली घेऊन राहिले होते. मुलगा अजिनाथ आणि सून मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरत असत. कडूबानं माझ्यावरून हात फिरवला, तो अगदी मेंढराची पाठ चाचपावी तसा. मग पोटावर दोन थापा मारल्या.

दुकानदार म्हणाला, "ले जाव चाचा. दस साल चूं नै करेंगा ये."

"चूं केलं तरी चालंल," कडूबा म्हणाला, "गळाय नको."

त्यानं मला डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. बानाबाईनं राखेनं, साबणानं, चिंचेच्या पाण्यानं मला इतकं घासलं की माझ्या अंगावरची छापील अक्षरंही निम्मी गेली. उरलेली अक्षरं त्यांची नात सुकेशनी बोट ठेवून वाचायची. तेव्हा ती दुसरीत असेल.

"आजी, याच्यात औषध होतं!"

"मंग धुतलं ते बरं केलं," बानाबाई म्हणाली. "न्हाईतर समदे बरे होऊन बसले असते."

दाराशेजारच्या ओट्यावर मला जागा मिळाली. तिथून मला घरही दिसायचं आणि रस्ताही.

मित्रांनो, आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहूनही उशिरा, आणि आलं की तासाभरात जातं. त्या दिवसाला सगळे पाण्याचा दिवस म्हणतात. त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, कोणी आजारी पडत नाही. पाहुणा आला तर आमच्या गल्लीत विचारतात, "नुसतं प्यायचंय का अंघोळ पण करताय?" आणि हसतात, पण विचारतात खरं.

आमचा नळ रस्त्याकडेच्या खड्ड्यात होता. पाण्याला जोर नसायचा, म्हणून खड्ड्यात उतरून, वाकून, हंडा भरून वर द्यावा लागे. शेजारच्या पारूबाईकडे मोटर होती. तिनं मोटर लावली की आमच्या नळाची धार बंद. यावरून तिचं आणि बानाबाईचं किती वेळा वाजलं असेल, त्याला गणती नाही. मी भरलो की घर आठ दिवस निर्धास्त. त्या दिवसांत मला वाटायचं, या घरात माझ्याइतकं मोलाचं कोणी नाही.

पुढे कडूबाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. तो माझ्या समोरच, दारातून दिसेल अशा खाटेवर पडून असे. बानाबाईला वाचता येत नव्हतं. त्याच्या गोळ्या ती रंगावरून ओळखायची. एकदा औषधांच्या दुकानदारानं रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. आधीची पांढरी होती, ही गुलाबी. म्हातारीला वाटलं, डॉक्टरनं एक वाढवली. घरातल्या उरलेल्या पांढऱ्याही ती देत राहिली. कडूबा खाटेवर पांढराफटक पडला, तेव्हा सुकेशनीनं दोन्ही पाकिटं उजेडात धरून पाहिली.

"आजी, दोन्ही एकच औषध हाये गं!"

"एकच हाये तर दोन रंग कशाला काढले मेल्यांनी?" बानाबाई म्हणाली.

त्या वेळी कडूबा वाचला. पण सुकेशनीच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली: फार्मसी शिकायची. ती माझ्यात तांब्या बुडवताना आजीला सांगायची, "मी दुकानात बसले ना, तर कागदावर सूर्य न् चंद्र काढून देईन. सकाळची कोणती, रात्रीची कोणती. ज्याला वाचता येत नाय त्याला पण कळलं पाहिजे."

बारावी झाली, प्रवेश परीक्षाही झाली. मार्क बरे पडले, पण नंबर लागेल एवढे नाही. एकेक फेरी गेली. शेवटी पैठण रोडवरच्या एका कॉलेजात रिकामी जागा भरायची स्पॉट राउंड निघाली. त्या दिवशी समोर हजर असेल त्याचंच नाव धरणार. वेटिंगमध्ये सुकेशनी चौथी होती. पाचवी होती गंगापूरची तनुजा. कॉलेजच्या व्हरांड्यात चकरा मारून दोघींची मैत्री झाली होती.

ते दिवस मी कसे विसरेन? फोन वाजला की सुकेशनीचा हात माझ्यातल्या पाण्यात तसाच थांबायचा. फोन कधी गावाकडून असे, कधी कर्ज देतो म्हणणाऱ्याचा. मग हात पुन्हा हलायचा. रात्री ती ओट्यावर येई आणि माझ्या झाकणावर हनुवटी टेकून बसे. झाकणावर श्वासाची वाफ धरायची, विरायची. एवढ्या जवळून मी कुणाचं वाट पाहणं पाहिलं नव्हतं.

पाण्याचा दिवस गुरुवार होता, राउंड शुक्रवारी. सगळं नीट जमत होतं. बुधवारी रात्री कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि पाणी एक दिवस पुढं गेलं. म्हणजे शुक्रवारीच.

शुक्रवारी सकाळी माझ्या तळाशी चार बोटं पाणी होतं. कडूबाची चादर रोज धुवावी लागे. बानाबाईचे गुडघे खड्ड्यात उतरण्याजोगे राहिले नव्हते. सुकेशनी इस्त्रीचा ड्रेस घालून, वेणी घालून, कागदांची पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. नळ कोरडा. तिनं कॉलेजात फोन लावला. आजीला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि ते मीही ऐकलं.

"कितवा नंबर?" पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"चौथा, सर."

"जागा एकच आहे. चौथ्यापर्यंत कुठं येतंय, बाई? उगाच हेलपाटा."

"पण यायला पाहिजे का, सर?"

"तुझी मर्जी. मी सांगायचं ते सांगितलं." आणि फोन कट झाला.

आवाज वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच.

पारूबाई तिच्या दारात हंडे मांडून बसली होती. तिनंही ऐकलं. "झालं की मंग! कशाला मरायला जाती उन्हात तिकडं? पाणी भर. आज मी मोटर लावत न्हाय, तुझा ड्रम भरूस्तोवर. आईची आन."

इतक्या वर्षांत पारूबाईनं असं कधी म्हटलं नव्हतं. बानाबाईचा चेहरा उजळला. "बघ, पारू थांबती म्हणती."

तेवढ्यात आतून कडूबा ओरडायला लागला. शब्द फुटत नव्हते. उजवा हात वर करून तो दाराकडे दाखवत होता.

"तहान लागली म्हाताऱ्याला," बानाबाई म्हणाली आणि माझ्या तळातून पेला भरून घेऊन गेली. त्यानं मान फिरवली. पेला ढकलला, पाणी गोधडीवर सांडलं. "आता सांडा! थेंब न्हाय घरात अन् ह्यांचं बघा!" म्हातारी कावली.

मित्रांनो, मी दारातच उभा होतो. मला नीट दिसत होतं. त्याचं बोट माझ्याकडे नव्हतं. माझ्या पलीकडं, रस्त्याकडं होतं. जा, जा, असं तो म्हणत होता. घरात तोंड नसलेले आम्ही दोघंच, आणि फक्त मलाच त्याचं कळलं.

सुकेशनीनं पिशवी खुंटीला अडकवली, ओढणी कमरेला बांधली.

पाणी आलं ते अकरा वाजून गेल्यावर. गल्लीत एकच गलका झाला. ती खड्ड्यात उतरली. हंडा भरायचा, वर द्यायचा. बानाबाई तो काठावरून ओढत आणून माझ्यात ओतायची. पारूबाईनं शब्द पाळला, मोटर लावली नाही. आतल्या फळीवर फोन वाजला. थांबला. परत वाजला. हंड्यांच्या आवाजात कोणालाच ऐकू आला नाही. मी गळ्यापर्यंत भरत होतो. त्या दिवसाइतका मी कधीच भरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तनुजा आली. ओट्याखालीच उभी राहिली, वर येईना.

"मी फोन केला होता गं. दोनदा."

"खड्ड्यात होते मी."

"वरचे तिघं आलेच नाहीत. त्यांनी तुझं नाव पुकारलं. मी म्हणलं, सर, ती येती, जरा थांबा. ते म्हणले, किती थांबायचं? पुढचं नाव..."

"तुझं," सुकेशनी म्हणाली. "मग?"

"मी हात वर केला."

सुकेशनीनं माझं झाकण सरकवलं. मग म्हणाली, "मी पण केला असता. वर ये, पाणी पी."

तिनं माझ्यात तांब्या बुडवला आणि आदल्या दिवशीच्या त्या पाण्याचा पेला भरून तिच्यापुढं धरला. तनुजाला ठाऊक होतं ते कोणत्या दिवसाचं पाणी आहे. तिनं ते सगळं प्यायलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी पेला खाली ठेवला नाही.

बानाबाई चुलीपासून म्हणाली, "पुढल्या साली लागंल की तुझा पण."

"व्हय आजी," सुकेशनी म्हणाली.

कडूबा त्याच हिवाळ्यात गेला. त्या शुक्रवारनंतर त्यानं हात वर केलेला मी पाहिला नाही. बानाबाईला अजिनाथ मेंढरांकडे घेऊन गेला. ती तिथं आहे, आणि ऐकतो की स्वतःच्या गोळ्या अजूनही रंगावरूनच घेते. सुकेशनी पुढल्या वर्षी परीक्षेला बसली, पण तोवर ती कंपनीत लागली होती. दिवसभर उभं राहून आल्यावर पुस्तक हातातून गळायचं. मार्क आधीपेक्षा कमी पडले. ती आता वाळूजलाच गोळ्यांच्या पॅकिंगवर आहे. तिथं माझ्यासारखे निळे ड्रम रांगेनं असतात, असं ती सांगते.

ती राहते पारूबाईच्या घरी. आमची खोली सोडावी लागली तेव्हा पारूबाई स्वतः येऊन तिची पेटी उचलून घेऊन गेली, आणि मलाही. "माझ्या तोंडाला त्या दिवशी आग लागली असती तर बरं," एवढंच ती एकदा भाकरी थापताना म्हणाली. सुकेशनीनं तिला पाण्याचा हंडा भरायला आजवर लावलेलं नाही, की तिनं सुकेशनीला. दोघींत जी आधी उठेल ती भरते.

तनुजा आता फार्मसीच्या वरच्या वर्गात आहे. पहिल्या वर्षी ती आपली पुस्तकं आणून द्यायची. सुकेशनी माझ्याशेजारी बसून ती वाचायची, कडेला पेन्सिलनं बारीक सूर्य-चंद्र काढायची. मग एक दिवस म्हणाली, "नको आणूस गं आता." तेव्हापासून तनुजाचं येणं कमी झालं.

फोनवरचा तो माणूस कोण होता, हे कोणालाच कळलं नाही. त्यालाही तो फोन आठवत नसेल.

आणि मी? दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या तळाला चीर गेली. पारूबाईनं काळी टाकी घेतली आणि मला मागच्या बाजूला पालथा घातला. आता सुकेशनी कामावरून आली की माझ्यावर बसून चपला काढते. कधी तिचा फोन वाजतो. अजूनही, उचलण्याआधी, तिचे हात क्षणभर थांबतात.

मित्रांनो, ड्रमाला झाकण घाला, उन्हात रिकामा ठेवू नका, हे मी सांगेनच. पण मला सांगायचंय ते दुसरंच. कधी तुम्ही ऑफिसच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसाल, आणि बाहेरून कोणी विचारेल, "मी येऊ का?" तेव्हा तुम्हाला ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा. येऊन बस, म्हणा. वाट पाहणारा माणूस तुमच्या एका शब्दावर पिशवी खुंटीला अडकवून ठेवतो.

ती पिशवी पारूबाईच्या घरातही खुंटीलाच आहे. मागच्या दारातून मला दिसते.