भुरी घरात थांबेना

भुरी मांजरीचा एक नेम होता आणि तो ब्राह्मणपुरीच्या अर्ध्या गल्लीला ठाऊक होता. दिवे लागले की ती धान्याच्या खोलीत जायची, ज्वारीच्या कणगीवर चढायची, पाय पोटाखाली घ्यायची आणि डोळे मिटून झोपेचं सोंग करायची. सोंगच ते! घरातली माणसं आडवी झाली की कणगीमागे खसखस सुरू व्हायची, मग एक धप्प, एक चीं, आणि सकाळी उंबऱ्यावर, अगदी मधोमध, उंदराचं शेपूट. नुसतं शेपूट.

"भुरीनी हजेरी लावी दिन्ही," असं म्हणून कोकिळा ते काडीनं उचलून फेकायची.

कोकिळा दलसिंग गिरासे यांची धाकटी मुलगी, वय तेरा. गावच्या शाळेत मुली तिघीच, आणि तिघींत मोठ्यानं वाचणारी ही एकटी. मास्तरांनी तिला एकदा सगळ्या वर्गापुढं उभं करून धडा वाचायला लावला, तेव्हापासून तिचा आवाज घरातही चढलेला असे. तिची आई रमिलाबाई म्हणायची, "पोरगी शाळामा गई नि घरमा नगारा वाजाले लागना."

असा हा नेमाचा जीव फाल्गुनात एकाएकी बिघडला. दिवेलागण झाली की भुरी कणगीकडे बघायचीसुद्धा नाही. दारातून सुटायची ती थेट धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावरून शेजारच्या धाब्यावर, आणि तिथून गावाबाहेर, वावरांच्या दिशेला. परतायची ती कोंबडा आरवल्यावर, अंगाला कुसळं चिकटवून. वाटीतलं दूध अंगणात ठेवलं तर प्यायची. घरात ठेवलं तर उंबऱ्यावर उभी राहून नाक वर करायची, आणि मागं फिरायची. पाच दिवस झाले, उंबऱ्यावर एक शेपूट नाही.

घरात हसायला सगळ्यांना वेळ होता, कारण घर लग्नाचं होतं. थोरली जमना, सतरा वर्षांची, तिला हळद लागली होती. लग्नाला पाच दिवस उरले होते. दलसिंग तापीपलीकडच्या सोयऱ्यांना आवतण द्यायला गाडी जुंपून गेले होते.

"तुन्ही भुरीले सोयरा भेटना वाटस," जमना हळदीचे हात हलवत म्हणाली. "मन्हा पहिले तीच सासरले जाई ऱ्हायनी!"

"तिले तरी कोनी हळद लावी नही. तुन्हासारखी पिवळी भिंत करी ठेवी नही," कोकिळा म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

मोतीफुईला मात्र हसू आलं नाही. मोतीफुई म्हणजे दलसिंगची थोरली बहीण. तिचं लग्न कधी झालंच नाही. ती भावाच्या घरी राहायची, सारवण-लिंपण तिचं, गोठा तिचा आणि सगळ्यांना बोलण्याचा हक्कही तिचा. ती म्हणाली, "नवरीना घरमाईन मांजर निंघी जास, हाई काय हसानी गोट शे? आज सांजले तिले कोंडा. धान्यानी खोलीमा."

त्याच खोलीत दोघी बहिणी झोपत. हळद लागलेल्या मुलीला आतली खोली.

त्या रात्री दाराला बाहेरून आडणा लागला आणि भुरी आत राहिली. ती कणगीवर चढली नाही. दारालाच अंग चिकटवून बसली आणि ओरडत राहिली. भुकेचं ओरडणं कोकिळेला माहीत होतं, हे तसं नव्हतं. हे खालून, पोटातून येत होतं. फळीवर नखं चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. "काय वं हाई!" म्हणून जमनाने गोधडी डोक्यावर ओढली आणि झोपलीसुद्धा.

कोकिळा जागीच. भुरी दम घ्यायला थांबली तेव्हा तिला कळलं की आपल्याला भीती मांजरीची वाटत नाहीये. खोलीत काहीतरी कमी होतं. लहानपणापासून ज्याच्यावर तिला झोप लागायची ती कणगीमागची खसखस कुठं होती? आढ्यातली पळापळ कुठं होती? तिनं श्वास धरला. कान दुखेपर्यंत ऐकलं. काही नाही. सगळं घर मिटलेल्या मुठीसारखं गप्प.

आणि मग शाळेची भिंत तिच्या डोळ्यांपुढं आली. बादशहाच्या तसबिरीखाली मास्तरांनी कचेरीतून आलेला प्लेगचा छापील कागद डकवला होता, आणि वर्गाला तो वाचून दाखवला होता तिनंच, ठसक्यात, एकही शब्द न अडखळता. घरात उंदीर मेलेले आढळल्यास हात लावू नये. ताबडतोब पाटलास कळवावे. घर सोडून मोकळ्या जागी राहावे. वाचताना तिचं सगळं लक्ष आपल्या आवाजाकडे होतं. आता एकेक शब्द पोटात उतरला.

फटीतून उजेड दिसू लागला तशी ती उठली. चिमणी पेटवली आणि कणगीमागे गेली. तिथं घाण वास होता. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग बाकीच्या भिंतीपेक्षा गडद दिसत होता. ओलसर, ताजा लिंपलेला, बोटं ओढल्याच्या खुणांसकट. तिथली सगळी बिळं कोणीतरी शेणामातीनं बुजवली होती.

तिनं कोपऱ्यातला विळा घेतला आणि एका ठिकाणी टोचला. खपली निघाली. बिळातून एक उंदीर घरंगळत बाहेर आला आणि तिच्या पावलापाशी येऊन पडला. फुगलेला, दात बाहेर. कोकिळेच्या घोट्यावर काहीतरी बारीक, पिसवेसारखं, टुणकन उडालं. तिनं पाय झाडला आणि मग तोंडातून जे निघालं ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं असतं.

"माय!"

जमना उठून बसली. दाराचा आडणा निघाला. दारात मोतीफुई उभी होती आणि तिच्या मागं पिठाच्या हातांची रमिलाबाई. दार उघडताच भुरी दोघींच्या पायांमधून बाण सुटावा तशी बाहेर गेली.

"फुई, हाई कोनी लिपं?" कोकिळेनं विचारलं.

"हळू बोल. गल्ली जागी व्हई."

"कोनी लिपं?"

 फुईनं आत येऊन दार लोटलं. रमिलाबाईनं जमिनीवर पडलेलं पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "मोतीबाई, कितला व्हतात?"

"चार," फुई म्हणाली. "मंगळवारले भेटनात. फडकामा बांधात नि उकिरडामा गाडी दिन्हात."

"हातवरी उचलात?"

"मंग काय चिमटा लई जातू? रमिला, तुन्ही पोरले हळद लागेल शे. पाटीलले सांगं तर गाव बाहेर काढतीन. दारंले कुलपं लागतीन. मांडव कोठे घालशी? हळदनी पोर शिवबाहेर कशी जाई?" तिचा आवाज घोगरा झाला. "मन्ही हळद तुले माहीत नही, तू तव्हय आठे नव्हती. पन मी ते देखेल शे. मांडव आठे, आम्ही वावरमा. आठ दिनमा सोयरास्नी नारळ परत धाडी दिन्हा. म्हणे, जिन्ही हळदले उंदर पडनात ती पोर आमले नको."

 फुईचं लग्न झालं नाही एवढंच पोरींना माहीत होतं. का झालं नाही हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतंच, असं त्या समजून होत्या.

कोकिळेला तिची दया आली. पण त्या दयेच्या वर भीती होती, आणि ती खूप मोठी होती. मंगळवार ते शनिवार. चार रात्री जमना त्या भिंतीपासून दोन हातांवर झोपली होती. तीही झोपली होती. बाहेर पळणाऱ्या मुक्या जीवाला जे कळलं ते कळायला माणसांना पाच दिवस लागले, आणि ज्या एका माणसाला कळलं त्यानं ते लिंपून टाकलं, वर त्या मांजरीलाच आत कोंडलं.

"मी पाटीलले सांगाले जास," ती म्हणाली.

फुई दाराला पाठ लावून उभी राहिली. "जाय. पन याद ठेव, जमनानं लगीन तिन्ही सख्खी बहीणनी मोडं असं गाव म्हणी. एक दिन नही, जनमभर. आनि ती ते ऐकी."

वर्गापुढं उभी राहणारी, मास्तरांची शाबासकी घेणारी कोकिळा तिथल्या तिथं विरघळली. खरंच असं झालं तर? उंदीर पडले आणि कुणाला काहीच झालं नाही तर? चार दिवसांचा तर प्रश्न आहे, लग्न होऊन जाईल, जमना सासरी जाईल, तिकडं उंदीर जिवंत असतील. हा विचार इतका सोपा होता की तिला त्याचीच धडकी भरली. तिनं आईकडं पाहिलं. रमिलाबाई पदराआडून रडत होती.

तेवढ्यात जमना उठली. रात्रीच्या घामानं हळद गळ्यावर ओघळली होती. ती फुईपुढं जाऊन उभी राहिली.

"फुई, बाजूले व्हय."

"पोरी, हळद शे तुले."

"हळद वावरमाबी पिवळीच ऱ्हास. मीच मरनू तर ती कोन्हा कामनी? सरक."

"सोयरा काय म्हणतीन?"

"जे म्हणतीन ते मी ऐकसू. तू कसाले भ्यास?" आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मी तर भ्यायी ऱ्हायनीच शे."

फुई बाजूला झाली. बाजूला झाली म्हणजे भिंतीला टेकून खाली बसली. जमना उंबरा ओलांडून अंगणात गेली, अंगणातून गल्लीत. हळद लागलेली मुलगी उघड्या डोक्यानं भल्या सकाळी रस्त्यात पाहून समोरच्या घरची बाई घागर घेऊन होती तिथंच थांबली. एवढ्यावरूनच अर्ध्या गल्लीला काय ते कळलं.

कोकिळा मात्र पाटलांकडे पळाली. करणसिंग पाटील ओट्यावर दात घासत होते. तिनं धापा टाकत सांगितलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा म्हणतील, पोरीनं शहाणपणा शिकवू नये. पाटलांनी कडुलिंबाची काडी तोंडातून काढली. "कितला?"

"चार. आनि आज एक."

"आमना गोठामा काल दोन व्हतात," पाटील म्हणाले. आणि मग त्यांनी तिच्याकडं न बघता आत हाक मारली, "आवरा. सगळा आवरा."

म्हणजे फुई एकटी नव्हती.  त्या गल्लीत किती भिंती ताज्या लिंपलेल्या असतील?

दुपारपर्यंत दवंडी पिटली. संध्याकाळी गाव रिकामं. नाल्यापलीकडच्या वावरांत कपाशीच्या पऱ्हाट्यांची खोपटं उभी राहिली, लेकरं रडत होती, गुरं हंबरत होती आणि मोठी माणसं एकमेकांपासून जरा अंतर ठेवून बोलत होती. दलसिंग दुसऱ्या दिवशी परतले ते थेट वावरात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बैल न सोडताच व्याह्यांच्या गावाला निघाले. निरोप घेऊन आले तो असा: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर बघू. बघू म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येईना. जमना म्हणाली, "बघू दे त्यास्ले. मीबी बघसू."

कोकिळा रोज सकाळी उठल्याबरोबर तिच्या कपाळाला हात लावायची, मग काखेत गाठ आहे का ते चाचपायची. "गुदगुल्या व्हतीस वं!" म्हणून जमना ओरडली की तिच्या जिवात जीव यायचा. मग गुपचूप स्वतःची काख चाचपायची.

भुरी तिसऱ्या दिवशी दिसली. खोपटांकडे आली नाही, लांब बांधावर उभी होती. तोंडात उंदीर होता, आणि तो उंदीर धडपडत होता, शेपूट हलवत होता. कोकिळा टाळ्या वाजवत आईकडं धावली. "माय, वावरना उंदर जित्ता शेत! भुरी खाई ऱ्हायनी!" रमिलाबाईनं कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्याच दिवशी दुपारी मोतीफुईला ताप भरला.

ती पहिल्यापासूनच लांब होती. वावरात आल्या दिवशीच तिनं आपलं खोपट दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली घातलं होतं, आणि कुणी जवळ आलं की ढेकूळ उचलायची. आपण कशाला हात लावला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. जमना एकदा निघाली तिच्याकडं, तर दलसिंगनी दंड धरून ओढलं. भाकरी आणि पाण्याचं मडकं बांधावर ठेवायचं, मागं फिरायचं, एवढीच परवानगी.

बांधावरून खोपटाच्या आतलं दिसत नसे. म्हणून कोकिळेनं आपली तऱ्हा काढली. मडकं ठेवून ती वर्गापुढच्या आवाजात ओरडायची, "फुई! तुन्ही लिपेल भिंत वाकडी व्हती!"

आणि खोपटातून यायचं, "तुन्हं तोंड लिपाले पाहिजे व्हतं! थांब, उठू दे मले!"

"फुई, भाकर कराले तूच मले शिकाडेल शे ना? ढोरं खात नहीत!"

"ढोरंले अक्कल शे, तुले नही!"

एवढं ऐकलं की ती पळत येऊन सांगायची, "बोलनी! शिवी दिन्ही!" आणि रमिलाबाई आकाशाकडं बघून हात जोडायची. दिवसातून चार वेळा, मग सहा वेळा. शिव्या आखूड होत गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी नुसतं "मर" एवढंच आलं. तरी तिनं ते धावत आणून सांगितलं.

त्या दुपारी कोकिळा बांधावर गेली तेव्हा सकाळची भाकरी तशीच होती. मुंग्या लागल्या होत्या.

"फुई! तुन्हा कांदा कोनी चोरी लिन्हा!"

बाभळीच्या शेंगा वाऱ्यानं वाजल्या. बाकी काही नाही.

"फुई, तू म्हातारी व्हई गई! तुले ऐकू येत नही!"

काही नाही. कोकिळेनं बांधावरून एक पाऊल खाली टाकलं. मागून दलसिंगचा आवाज आला, "कोकिळा! पाय उचल मांगे!" तिनं पाय मागे घेतला.  वर्गापुढचा तो आवाज काही केल्या वर येईना. ती बांधावर उकिडवी बसली, दोन्ही हातांचा भोंगा केला आणि फाटलेल्या आवाजात किंचाळली, "फुई! जमनानी हळद तुले लावसू मी! तुले नवरी करसू! उठ वं!"

कितीतरी वेळ गेला. मग खोपटात पऱ्हाट्या करकरल्या. आणि आतून, कुणी विहिरीच्या तळातून बोलावं तसं आलं,

"...वरडू नको. ऐकू येस."

कोकिळेनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुढची खोडी कोणती काढायची ते तिथंच बसून शोधू लागली.